नोकरी गेल्यावर हातच्या कलेतून चार पैसे: आधी घड्याळ लावा, मग भाव

दीड वर्षापूर्वी गणपतीच्या तोंडावर माझी नोकरी गेली. मालाडला एका बॅकऑफिसात अकाउंट्सला होतो, अकरा वर्षं. एचआरच्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून आधी पाणी दिलं तेव्हाच समजलं की काहीतरी आहे, मग दोन महिन्यांचा पगार, एक लेटर, आणि आयकार्ड खाली सिक्युरिटीकडे जमा करा. घरी जाताना ट्रेनमध्ये खिडकी मिळाली कारण दुपारचे अडीच वाजले होते, अकरा वर्षांत पहिल्यांदा खिडकी.

आमच्या काळाचौकीच्या घरात आईची पायाची मशीन आहे. बाबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी जण परत आत गेलेच नाहीत, बाबाही त्यातलेच. मग आईने परकर शिवून आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून घर ओढलं. मी जरा मोठा झाल्यावर बॉबिन भरायचं काम माझ्याकडे आलं, शाळेतून आलो की आधी दहा बॉबिन, मग खेळायला. तिथून हा नाद लागला. नोकरीत असताना रविवारी पाऊच, पिशव्या शिवायचो, कोणाच्या बारशाला, कोणाच्या वाढदिवसाला द्यायचो, आणि सगळे म्हणायचे अरे तू विकत का नाहीस. (हेच सगळे विकायला लागल्यावर "आपल्याला किती लावशील?" विचारतात, त्याचं पुढे सांगतो.)

तुमचा छंद क्रोशाचा असेल, मेणबत्त्यांचा असेल, कागदाचा, मातीचा असेल. माझं कापड आहे म्हणून उदाहरणं कापडाची देतो, हिशोब सगळ्यांना तोच लागतो.

आणि आधीच सांगून ठेवतो, हा जोडधंदा आहे, पगाराची जागा यातून लगेच भरत नाही. मला पहिल्या महिन्यात सगळं धरून अकराशे रुपये सुटले. आता बरा महिना असला तर नऊ-दहा हजार सुटतात, सीझनला जास्त, पितृपक्षात जवळपास काहीच नाही, आणि सोबत दोन दुकानांचे हिशोब लिहितो म्हणून घर चालतं. तीन महिन्यांत पन्नास हजार कमवा असं जो सांगतो त्याला पिशव्या विकायच्या नसतात, कोर्स विकायचा असतो.

पहिले पंधरा दिवस काही विकू नका

एक वही घ्या आणि घरखर्च लिहा, हप्ते, मेंटेनन्स, शाळेची फी, लाइटबिल, सगळं. हातात असलेले पैसे किती महिने पुरतात ते त्यातून कळतं आणि तेवढ्याने रात्रीची झोप जरा बरी लागते. ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, तर शेवटच्या दिवसाच्या आत त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारून घ्या. घरात वयस्कर माणूस असेल तर हे काम सगळ्यात आधी.

मग एक पाकीट करा. माझ्या पाकिटात पाच हजार होते. धंद्याला जे काही लागेल ते या पाकिटातून, आणि विकून आलेले पैसे परत याच पाकिटात, पाकीट रिकामं झालं की खरेदी बंद. माझ्या ओळखीतल्या एकाने नोकरीच्या शेवटच्या हिशोबाचे पैसे मिळाल्या मिळाल्या चाळीस हजारांचा माल आणि दोन मोटारच्या मशीन घेतल्या, त्यातली एक आता त्यांच्या घरात टीव्हीचं स्टँड आहे. मी नवीन मशीन घेतली नाही, फक्त चेन लावायचा सिंगल फूट, चांगली कात्री आणि १४ व १६ नंबरच्या सुया घेतल्या. १४ ची साध्या सुती कापडाला, १६ ची कॅनव्हास किंवा तीन-चार थर एकत्र आले की. सुई वाकायची वाट बघू नका, टीप मारताना टकटक आवाज यायला लागला की बदला.

एकच वस्तू पकडा

मी सुरुवातीला अकरा प्रकार केले होते. पाऊच, मोबाइल स्लिंग, उशीचे अभ्रे, टेबल मॅट, बाळाची दुपटी, काय नाही केलं, आणि प्रत्येकाचे दोन-दोन नग. झालं असं की कोणी म्हणालं हाच पाऊच मला हिरव्यात सहा पाहिजेत, तर तो परत करायला मला माप आठवेना. अकरा प्रकार म्हणजे अकरा कागदी बेत, अकरा प्रकारचं सामान आणि एकातही हात बसलेला नाही.

म्हणून एक वस्तू घ्या आणि ती निदान पन्नास वेळा करा. कोणती घ्यायची? मुंबईचं जगणं बघून ठरवा. इथे घर लहान, थंडी चार दिवसांची, प्रवास रोजचा. लोकरीचा स्वेटर कितीही सुरेख विणला तरी दादरला कोण घालणार, पण तोच हात क्रोशाच्या तोरणाला, रुखवताच्या वस्तूंना, बाळाच्या टोपडीला लावला तर गिऱ्हाईक आहे. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून घडी करून पर्समध्ये मावणारी कापडी पिशवी लोक विकत घेतात, फुकटात मिळायची सवय होती ती थोडी तरी सुटली.

माझा दुसऱ्या नंबरचा खपाचा माल मला हार्बर लाइनच्या डब्यात सापडला. जुलैचा पाऊस, एक काका ओली छत्री घेऊन उभे आणि खाली बसलेल्या माणसाच्या पँटवर टिपटिप टिपटिप. वडाळ्यापासून कुर्ल्यापर्यंत भांडण. घरी आलो आणि छत्रीच्या मापाची लांबट पिशवी बेतली, आतून रेनकोटचं कापड, वरून सुती, तोंडाला नाडी. तळाला पाणी साचतं म्हणून आतलं अस्तर बाहेर उलटता येईल असं ठेवलं, म्हणजे घरी गेलं की उलटं करून दोरीवर वाळत टाकायचं. तर कान उघडे ठेवून प्रवास करा, लोक कशाने वैतागतात ते ऐका.

अजून एक, कार्टूनचे चेहरे आणि मोठ्या ब्रँडचे लोगो घालू नका. लहान मुलांच्या पाऊचवर ते पटकन खपतं, सगळे करतात, पण ते दुसऱ्याचं आहे.

आता घड्याळ

सगळ्या लेखात हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

मी पहिले पाऊच ८० रुपयांना विकले. बिल्डिंगमधल्या सगळ्या वहिनी खूश, अय्या किती स्वस्त, वीस पाऊच चार दिवसांत गेले आणि मला वाटलं जमलं. मग अकाउंट्सवाला जागा झाला. सामानाचे साधारण ४० रुपये जात होते, म्हणजे उरले ४०, आणि एका पाऊचला मला तेव्हा दीड तास लागत होता. तासाला सत्तावीस रुपये पण पडत नव्हते. आणि माल जेवढा जास्त खपेल तेवढा मी जास्त वेळ या भावात राबणार.

तर आधी तुमच्या तासाचा भाव ठरवा. मी असा ठरवला: महिन्याला पंचवीस दिवस, दिवसाला आठ तास, म्हणजे २०० तास. पूर्ण वेळ हेच काम केलं असतं तर कमीत कमी २४,००० मिळायला हवेत, म्हणजे तासाला १२०. तुमचा आकडा वेगळा येईल, येऊ दे, पण तो लिहून मशीनच्या समोर भिंतीवर चिकटवा.

मग एक नग नाही, बारा नग एकत्र करा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बारा का, तर माझा पाऊच तयार झाल्यावर आठ बाय पाच इंचांचा, त्याला शिलाई धरून नऊ बाय बारा इंचांचा तुकडा लागतो, आणि ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) एका मीटरमधून असे बरोबर बारा तुकडे निघतात. एकाच बैठकीत बारा बेतायचे, मग बारांनाही चेन लावायची, मग बारांच्या बाजूच्या टिपा, मग उलटवणं, मग इस्त्री. सुट्टा पाऊच दीड तासाचा, तोच बाराच्या घाण्यात सरावाने ३५ मिनिटांवर आला.

माझ्या वहीतला हिशोब जसाच्या तसा देतो. वरचं कापड १३ रुपये, अस्तर ६, मधला फोम ८, चेन २, रनर (चेन उघडतो तो सरकता खटका) २, दोरा-लेबल-पाकीट मिळून ५, झाले ३६. बेतताना वाया जातं त्याचे ४ धरा, ४० झाले. ३५ मिनिटांचे, तासाला १२० च्या भावाने, ७०. वीज, बाजारात जायचं भाडं आणि बिघडलेले नग यांचे १०. म्हणजे १२० रुपये ही माझी पडती किंमत, विकायची किंमत नव्हे. विकतो २०० ला. मधले ८० हे धंद्याचे, त्यातून दुकानदाराचं कमिशन, स्टॉलचं भाडं, पडून राहिलेला माल आणि पुढचं कापड निघतं. नवीन माणूस पडती किंमतच विकायची किंमत समजतो आणि त्यातही आपली मजुरी धरत नाही कारण "मी तर घरीच होतो". तुम्ही घरी होतात पण हात चालू होते ना?

भाव वाढवला तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, "काय रे, आधी तर ऐंशीला देत होतास." मी म्हटलं, "काकू, तेव्हा मोजायला विसरलो होतो." हसल्या आणि घेतला नाही. दोन महिन्यांनी भाचीच्या केळवणाला द्यायला चार घेऊन गेल्या. वीस गिऱ्हाइकांपैकी बारा-तेरा गळाली हे खरं आहे, पण उरलेल्यांकडून पैसे जास्त सुटले आणि माझी मानही दुखायची थांबली.

ओळखीच्यांना किती लावायचं? दहा टक्के कमी, सगळ्यांना सारखं, आत्या असो की मेहुणा. फुकट द्यायचा तर फुकट द्या, भेट म्हणून, चिठ्ठी लावून. अर्ध्या भावात देऊ नका, भेट दिल्याचं समाधानही नाही आणि धंदाही नाही.

तुमच्या वस्तूला १२० पडतात आणि बाजारात तशीच ८० ला मिळते असं निघालं तर? निघतं असं. मग एकतर वेळ कमी करा, किंवा वस्तू बदला, किंवा बाजारात मिळत नाही असं काहीतरी तीत घाला. मी साध्या कॉटनवरून खणावर गेलो आणि आत किल्ली अडकवायची पट्टी घातली. साधा कॉटनचा पाऊच मशीनवाल्या कारखान्याशी भावात कधीच जिंकणार नाही, तो नाद सोडा.

कापड आणि सामान

मी कॉटन ग्रीनहून हार्बर पकडून मशीदला उतरतो आणि चालत मंगलदास मार्केटला जातो. रविवारी बंद असतं, पहिल्यांदा मी रविवारीच गेलो होतो. सकाळी अकराच्या सुमाराला जा, गर्दी कमी असते आणि दुकानदार बोलायच्या मूडमध्ये असतो. पहिल्या दुकानात घेऊ नका, निदान चार ठिकाणी पन्हा आणि भाव विचारा. पन्हा विचारायलाच पाहिजे, कारण खणाचं कापड बऱ्याचदा कमी पन्ह्याचं येतं आणि मग मीटरमागे बारा नाही, आठच तुकडे निघतात, भाव स्वस्त वाटतो आणि पडतो महाग. लेस, लटकन, मोती यांच्यासाठी भुलेश्वर, पाकिटं-खोके-रिबन यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. चेन मीटरवर रोलमधून घ्या आणि रनर वेगळे, तयार चेनच्या निम्म्याने पडते.

पहिल्या फेरीत प्रत्येक कापड एक मीटरच. शेठ म्हणणार पाच मीटर घ्या, भाव कमी करतो, तुम्ही पाकीट आठवा.

घरी आणल्यावर पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा, रंग लागला तर ते कापड पिशवीला वापरू नका, पावसात कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टवर उतरेल आणि तो माणूस तुम्हाला शोधत येईल. सुती अस्तर आधी भिजवून वाळवून मगच बेता, ते आटतं. वरचं कापड आटलं नाही आणि आतलं आटलं की पाऊच धुतल्यावर बेडकासारखा फुगतो.

आणि ही माझी फजिती, तुम्ही करू नका. घाण्यात काम करायचं पहिल्यांदा ठरवलं तेव्हा बाराच्या बारा पाऊचच्या चारी बाजू शिवून टाकल्या, चेन पूर्ण बंद ठेवून. आता उलटवायचा कुठून? आत हात जायला जागाच नाही, रनर आतल्या बाजूला. रात्री साडेअकराला मी आणि बायको टिपा उसवत बसलो होतो, ती काही बोलली नाही, फक्त दर दोन पाऊचनंतर एकदा माझ्याकडे बघत होती. तर बाजूच्या टिपा मारायच्या आधी चेन अर्धी उघडी ठेवा. कागदावर लिहा आणि १२० च्या बाजूला चिकटवा.

पहिली गिऱ्हाइकं

फोटोला मोठा कॅमेरा लागत नाही. सकाळी नऊ-दहाला खिडकीतून येणारा उजेड, मागे पांढरा कार्डशीट, ट्यूबलाइट बंद. बाजूला पेन किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं, नाहीतर "मला वाटलं मोठा असेल" हे ऐकायची तयारी ठेवा. एक फोटो बाहेरून, एक आतून, एक हातात धरून, बास.

मग व्हॉट्सॅप. जुन्या ऑफिसचा ग्रुप, बिल्डिंगचा, शाळेचा, मंडळाचा. रोज टाकलं की लोक म्यूट करतात, आठवड्यातून एकदा टाका, भाव लिहून टाका. "किमतीसाठी मेसेज करा" लिहिलं की निम्मे लोक तिथेच सोडून देतात, विचारायला लाज वाटते लोकांना. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकताना मला पोटात गोळा आला होता, लोक म्हणतील बिचारा पिशव्या शिवतोय. तिथूनच सगळ्यात जास्त ऑर्डर आल्या, त्यातली एक तर एचआरच्या त्याच बाईंची, पाणी देणाऱ्या. भाव पूर्ण लावला.

बायकांच्या वस्तू पुरुषाने विकण्याचा प्रश्न आहेच, हातात घेऊन बघायला संकोच वाटतो. मी स्टॉलवर मापाची पट्टी आणि कात्री समोर ठेवतो, मग विचारतात "भाऊ, तुम्हीच शिवता?" आणि पुढचं सोपं होतं.

लोकलमध्ये फिरून विकायचं डोक्यात आलं असेल तर परवान्याशिवाय गाडीत किंवा स्टेशनवर विकणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो आणि माल जातो तो वेगळाच. २०२२ च्या अर्थसंकल्पात एक स्थानक एक उत्पादन ही योजना आली, त्याखाली स्थानिक कारागिरांना स्टेशनवर थोड्या दिवसांसाठी स्टॉल मिळतो, तुमच्या स्टेशनवर तसा स्टॉल दिसला तर तिथे बसलेल्या माणसालाच विचारा की त्याला कसा मिळाला, ऑफिसात विचारण्यापेक्षा लवकर कळतं.

हॉलमधल्या प्रदर्शनांचं मात्र गणित करूनच जा. माझा पहिला स्टॉल दोन दिवसांचा तीन हजारांना होता. एका पाऊचमागे माझे वरचे ८० सुटतात, म्हणजे नुसतं भाडं निघायला ३८ पाऊच विकले पाहिजेत. विकले १९. शेजारी हळदीची पावडर आणि समोर साड्या, माझ्याकडे लोक पंख्याखाली उभं राहायला यायचे. आता मी आधी ते प्रदर्शन गिऱ्हाईक म्हणून बघून येतो, लोकांच्या हातात पिशव्या दिसतात की नुसते खायचे द्रोण, ते बघतो. अर्धा स्टॉल कोणाबरोबर वाटून घेता येतो का तेही विचारतो. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) महालक्ष्मी सरस भरतं तिथे गावागावांतल्या बचतगटांच्या बायका माल कसा मांडतात आणि भावावर कशा ठाम राहतात ते बघायला जरूर जा, मी दोन तास नुसता उभा होतो.

दुकानात माल ठेवायचा तर ते कमिशन घेतात, माझ्याकडे एकजण तीस टक्के घेतो. २०० चे १४० हातात येतात, पडती १२० आहे म्हणजे मजुरी सुटून वर वीस. चालतं. ८० ला विकत असतो तर हा रस्ताच बंद होता. माल दिल्याची नगवार चिठ्ठी करा आणि सही घ्या, ओळखीचा असला तरी, ओळखीचा असला तर जास्तच.

कुरिअरने पाठवताना खोका लहान ठेवा. बऱ्याच कुरिअर कंपन्या आकारावरून वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. तीनशे ग्रॅमची डब्याची पिशवी ३० बाय २५ बाय १५ च्या खोक्यात फुगवून ठेवली की ती सव्वादोन किलोची होते. तीच घडी करून तीन सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात घातली तर अर्ध्या किलोच्या आत.

मोठी ऑर्डर आली की आनंद नंतर, ॲडव्हान्स आधी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एका सोसायटीतून साठ छोट्या नाण्यांच्या बटव्यांची ऑर्डर आली, जांभळ्याच रंगात पाहिजे, काठ सोनेरी. ५५ चा एक. मी फोनवर हो म्हटलं, कापड आणलं, साठ शिवले. दोन दिवस आधी मेसेज आला, सॉरी, दुसरीकडे पस्तीसला मिळाले. साठ जांभळे बटवे. त्यानंतर आमच्या नात्यात जे कोणी आलं त्याला जांभळा बटवा मिळाला.

आता दहाच्या वर नग असले की निम्मे पैसे आधी, यूपीआयने, ते आल्याशिवाय कात्री लागत नाही. रंग, माप, संख्या, तारीख आणि भाव एका मेसेजमध्ये लिहून पाठवायचं आणि समोरून "ओके" घ्यायचं. एक नमुना करून दाखवायचा, त्याचे पूर्ण पैसे घ्यायचे. ज्याला खरंच पाहिजे असतं तो ॲडव्हान्सला कुरकुर करत नाही.

आपल्याकडे वर्ष सणांवर चालतं, आणि माल सणाच्या दीड-दोन महिने आधी तयार पाहिजे. वाणाची चौकशी नोव्हेंबरअखेर सुरू होते आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत खप चालतो, काळा खण तेव्हाच जातो, एरवी पडून. मग लग्नसराई, केळवणं, रुखवत. मे मध्ये छत्रीच्या पिशव्या. श्रावणात मंगळागौरीला द्यायच्या वस्तू, मग गौरीची ओटी, नवरात्रात नऊ रंग, आणि दिवाळीला ऑफिसच्या भेटी. नवरात्रातल्या नऊ रंगांपैकी करडा कधीही जास्त करू नका.

कागदपत्रं, थोडक्यात

बँकेत वेगळं खातं काढा आणि दुकानाचा क्यूआर त्यालाच जोडा, घरचे आणि धंद्याचे पैसे एकत्र झाले की हिशोब गेलाच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, सरकारी साइटवर एक रुपया लागत नाही, दीड-दोन हजार मागणाऱ्या साइट्स दिसायला हुबेहूब असतात, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर गुमास्त्याची, म्हणजे दुकान-आस्थापनेची, पूर्ण नोंदणी लागत नाही, २०१७ च्या राज्याच्या कायद्यात नुसती ऑनलाइन सूचना द्यायची सोय आहे.

महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तिथे पोचलात तर मला जेवायला बोलवा. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून राज्यातल्या राज्यात विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबरशिवाय नुसत्या एनरोलमेंटवर परवानगी आहे. राज्याबाहेर पाठवायचं तर नियम वेगळे, ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, तुमची वस्तू त्या यादीत बसते का ते सीएला विचारूनच करा. इन्कम टॅक्सला लहान धंद्यासाठी अंदाजी नफ्याची सोय आहे, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं, मोठी खातेवही ठेवावी लागत नाही.

कर्ज पहिल्या वर्षी घेऊ नका असं माझं मत. नंतर लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय मिळतं. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ कामांमध्ये शिंपीकामही आहे, बाहुल्या-खेळणी आणि टोपल्या विणणंही, अटी सीएससी (कॉमन सर्व्हिस) सेंटरवर विचारून घ्या.

आणि मशीनला आठवड्यातून एकदा तेल द्या, शक्यतो शनिवारी रात्री, काम संपल्यावर. बॉबिन केस काढून आतला कापडाचा भुसा जुन्या टूथब्रशने झाडायचा, मग प्रत्येक छिद्रात दोनच थेंब. सकाळी मालावर बसायच्या आधी एका चिंधीवर हातभर टीप मारा, तेल त्या चिंधीत उतरतं. आई हे न चुकता करायची, मी एकदा विसरलो आणि मोतिया रंगाच्या खणावर बरोबर मधोमध काळा ठिपका पडला, तो पाऊच आता आमच्या घरात लाइटबिलं ठेवायला आहे.